केळीच्या बागेतले अकरा हजार घुसखोर

हितेंद्रच्या कंपनीचं रडार दोन किलोचं होतं, म्हणजे केळीच्या एका भरल्या फणीएवढं. ते लष्करी ड्रोनच्या पोटाला बांधायचं; मग ते वरून, पानांच्या फटींतूनही, चालणारा माणूस पकडायचं. चाचणीला जागा हवी होती. हितेंद्रने मुक्ताईनगरजवळची घरची बाग देऊन टाकली.

पहिल्याच उड्डाणात रडारने बागेत अकरा हजार घुसखोर दाखवले. पानं वाऱ्यावर डुलत होती आणि यंत्राच्या मते जे हललं ते चाललं.

"एवढे शत्रू तर शत्रूकडेही नसतील," चाचणी पाहायला आलेले मेजरसाहेब म्हणाले.

जेवणाच्या सुट्टीत हितेंद्रने सेटिंग बदललं. ठरावीक वेगापेक्षा हळू हलेल ते पान. पडद्यावर दाखवायचं नाही. दुपारी पडदा लख्ख झाला. पळणारे तीन जवान, तीन ठिपके. मेजरसाहेब खूश होऊन गेले.

ओट्यावरून रतिलाल आबा, हितेंद्रचे वडील, सगळं पाहत होते. दोन वर्षांपासून त्यांना माणसं आठवेनाशी झाली होती.

"हे काय करतं रे?"

"माणूस ओळखतं, आबा."

"मंग इथंच राहू दे. मले आता कोनी ओळखू येत नाही."

दुसऱ्या दिवशी साडेअकराला आबा घरात नव्हते. चप्पल नव्हती, टोपी नव्हती. फोन होता, चष्म्याच्या डबीत. उन्हाचा पारा पंचेचाळीसवर.

"बागेत पाहू का आधी?" शेतावर राबणारा जुना सालदार सुकदेव म्हणाला.

"थांबा सुकदेवभाऊ, बागेत शिरलात तर तास जाईल. दोन मिनिटांत सांगतो."

ड्रोन उडालं. बाग रिकामी होती. शिवाराच्या टोकाला मात्र एक ठिपका तरातरा हायवेकडे निघाला होता.

"ते पाहा आबा!"

"आबा एवढे जोरात चालतीन?" सुकदेवने विचारलं. पण यंत्रापुढे सालदाराचं कोण ऐकतं? सगळे मोटारसायकलींवर धावले. ठिपका म्हणजे लग्नपत्रिका वाटत निघालेला एक पाहुणा निघाला. घेराव पाहून तो घाबरला आणि त्याने सगळ्यांना पत्रिका दिल्या. सहकुटुंब, अगत्याने. त्यानंतर दोन शेळ्या झाल्या, एक कुत्रं झालं. दीड वाजला.

हितेंद्रच्या हातातली पत्रिका घामाने भिजली होती, तेव्हा त्याला आबांची चाल आठवली. बागेत ते माणसासारखे चालतच नसत. एक झाड, थांबायचं. घडाखाली हात घालून वजन पाहायचं, वाळलेलं पान ओढायचं, मग पुढचं झाड. एका ओळीला अर्धा तास.

त्याने सेटिंग पूर्ववत करून ड्रोन पुन्हा उडवलं. पडद्यावर अकरा हजार ठिपके उमटले. त्यांतले आबा कोणते, हे यंत्राला सांगता येईना.

सुकदेव तोवर बागेत शिरला होता. आबा त्यालाच सापडले, एका खोडाला पाठ टेकून बसलेले. डॉक्टर म्हणाले, जाऊन तास झाला असेल.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर हितेंद्रने लॅपटॉप उघडला. यंत्र गाळलेलंही जपून ठेवतं. आबा हरवले त्या दिवशीच्या पहिल्या उड्डाणाच्या नोंदीत पानं जागच्या जागी डुलत होती आणि एकच ठिपका ओळीने पुढे सरकत होता. सरकायचा, थांबायचा. यंत्राला आबा पूर्ण वेळ दिसत होते. सांगू नकोस, असं त्याला हितेंद्रनेच बजावलं होतं.

सुकदेव मागे येऊन उभा राहिला. "हे आबा?"

"हो."

सुकदेव खाली बसला. ठिपका थांबला की तो पडद्यावर बोट ठेवायचा.

"इथं घड वाकेल हाये, टेकू पाहून राह्यले असतीन... इथं ठिबकची नळी फुटेल हाये, मी कालच जोडनार व्हतो... इथं खोडाजवळची पिलं कापाची राह्यली."

मग ठिपका एका जागी थांबला, तो सरकेचना. हितेंद्र सुकदेवकडे पाहत राहिला.

"इथं काय आहे, सुकदेवभाऊ?"

सुकदेवने बोट उचललं नाही.

"इथं काही नाही रे हितू. इथलं झाड चांगलं हाये."