मारिसेल धारेला बसते

केरबाआण्णा बायकोचं हिरवं इरकली लुगडं अंगाला गुंडाळून म्हशीखाली बसले होते आणि मी कुंपणाच्या अलीकडे तोंडावर पदर दाबून हसत होते. सकाळचे सहा वाजले असतील. लुगडं धोतरावरून, पदर डोक्यावरून, पदराखालून पांढऱ्या मिशा बाहेर. म्हशीने मान वळवून हा अवतार एकदा नीट पाहिला, नाकातून फुसकारा टाकला आणि मागचा पाय असा झाडला की चरवी थेट उकिरड्यात जाऊन पडली.

मारिसेल माझ्या शेजारीच उभी होती. ती हसली नाही. तिने मला विचारलं, मावशी, आण्णांनी बायकोचं लुगडं का नेसलं?

आता हे तिला काय सांगायचं? झुंबरबाई, म्हणजे आण्णांची बायको, चार दिवसांपूर्वी डेअरीच्या पायरीवरून घसरली. खुबा मोडला. तिला कोल्हापूरला मोठ्या दवाखान्यात नेलं, लेक तिच्याजवळ राहिली, आणि घरी उरले आण्णा आणि चांदी म्हैस. चांदीचं रेडकू महिन्यापूर्वी गेलेलं. तेव्हापासून ती फक्त झुंबरबाईच्या हाताला पान्हा सोडायची, दुसऱ्या कुणाला जवळ उभं करायची नाही. आमच्या गारगोटीकडे अशा वेळी घरचा गडी बायकोचं लुगडं नेसून धारेला बसतो. वासाने म्हैस फसते. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणीही कबूल करत नाही.

पण लुगडं अंगावरचं लागतं, शेणामातीतलं. आणि झुंबरबाईचं रोज नेसायचं जुनेर लुगडं मीच, शेजारधर्म म्हणून, साबण लावून खळाखळा धुऊन वाळत टाकलं होतं. मग आण्णांनी ट्रंकेतलं काढलं, लग्नाकार्याचं, डांबरगोळ्यांच्या वासाचं. म्हैस कशाला फसते? चूक माझी होती आणि मी हसत होते. मारिसेलला सांगता सांगता माझंच हसू जिरलं.

म्हैस तुंबली की आटते, हे शेतकऱ्याच्या घरात लहान पोरालाही कळतं. झुंबरबाईला जीपमध्ये आडवं घातलं, तेव्हा ती कळ सोसत नवऱ्याला एवढंच म्हणाली होती, "म्हस आटू दिलासा तर ह्या घरात पाय ठेवणार न्हाय मी." बोलल्याप्रमाणे करणारी बाई ती. आणि जनावरांचा व्यापारी पिराजी दुसऱ्याच दिवशी आण्णांच्या उंबऱ्यावर येऊन बसला. आटल्यावर हिला निम्म्यालासुद्धा कोण घ्यायचं नाही, येत्या सोमवारच्या बाजाराला घालवू, असं सांगून गेला.

आता मारिसेलबद्दल सांगते. आमच्या मिशनचं मुलींचं वसतिगृह आण्णांच्या घराला लागून आहे. सोळा मुली, आणि त्यांच्यावर ओरडायला मी. मारिसेल फिलिपाइन्सची. तिकडच्या सेबू नावाच्या शहरात तिचा बाप वडापसारखी, वाटेत माणसं भरून नेणारी गाडी चालवतो. वय बावीस. तिच्या चर्चने तिला दोन वर्षांच्या सेवेला इकडे पाठवलेलं. धर्माचं बोलायचं नाही, फक्त सेवा करायची, असं तिच्या कागदावरच लिहिलेलं होतं आणि ती ते अक्षरशः पाळायची.

खरं सांगू? मला बाहेरून सेवेला येणाऱ्या या पोरांचं कौतुक नव्हतं. माझ्या नोकरीत अशी सात-आठ पाहिली. येतात, पोरींबरोबर फोटो काढतात, आमटी तिखट म्हणून रडतात, जातात. आपण त्यांची अंथरुणं घालायची आणि काढायची. ही मात्र पाचला उठायची. खाटेवर बसून आपल्या भाषेत हळू आवाजात प्रार्थना करायची, थंड पाण्याने आंघोळ करायची, मग लहान मुलींच्या वेण्या घालायची. दुपारी वहीत मराठीचे दहा शब्द. संध्याकाळी गल्लीतून एक फेरी: कुणी आजारी आहे का, कुणाचं दळण आणायचं आहे का, कुणाचं पोर सांभाळायचं आहे का. लोक तिला नेपाळी समजायचे. नमस्काराला नमस्कार मिळायचा आणि दार ओढून घेतलं जायचं. रविवारी उपासनेनंतर ती आईला फोन लावायची. फोनवर सगळे दात दाखवून हसायची, आणि मग टाकीवर जाऊन बराच वेळ तोंड धूत बसायची.

महिन्याला तिला एक अहवाल पाठवावा लागे. किती जणांच्या उपयोगी पडलात, असा त्यात रकाना होता. दहा महिने ती तिथे शून्य लिहीत होती. मी म्हटलं, अगं लिही पाच-दहा, कोण बघायला येतंय? तिने मान हलवली आणि पुन्हा शून्यच काढलं. मला असा राग आला त्या दिवशी. इतकं खरं वागून चालतं का कुठे? शेवटी आमच्या मिशनच्या पाळकसाहेबांचं पत्र आलं की पोरीचा इकडे काही उपयोग दिसत नाही, एक तारखेपासून तिला कोल्हापूरच्या ऑफिसात संगणकावर बसवू.

तर त्या सकाळी, चरवी उकिरड्यात पडल्यावर, मारिसेल कुंपणाची काटी सरकवून सरळ आत गेली. चरवी उचलली, धुतली आणि आण्णांपुढे धरली. मी शिकते म्हणाली. आण्णा लुगड्यातच उठून उभे राहिले.

"आमाला बाटवायला आलीस व्हय गं?"

"न्हाय आण्णा. शेन भराय आलो."

आमच्याकडच्या बायकांसारखं तीही 'आलो' म्हणायला शिकली होती. आण्णा डोक्यावरचा पदर सोडवू लागले. तोवर तिने पाटी घेतली.

मी तिला परत बोलावलं असतं, पण माझ्या मनात ते धुतलेलं जुनेर सलत होतं. तेच मी तिला दिलं. म्हटलं, शेण काढताना हे गुंडाळ, कपडे खराब होतील. नेसवलंही मीच. साडेचार फुटांची पोरगी, नऊवारीत बुडाली. त्या दिवशी तिने गोठा झाडला, वैरण घातली, म्हशीला धुतलं. म्हशीने शेपटीचे चार फटके तोंडावर दिले. धारेला बसली तेव्हा मात्र चांदीने अंगच चोरलं. एक थेंब नाही.

संध्याकाळी तिने आपल्या फोनवरून झुंबरबाईच्या लेकीला फोन लावला. म्हैस कशाने पान्हा सोडते, एवढंच विचारायचं होतं. आवाज मोठा करून तिने फोन गोठ्याच्या खुंटीला अडकवला. झुंबरबाई काही सांगायच्या आत आण्णा मध्येच बोलून गेले की तुझं इरकलीसुद्धा नेसून बघितलं. झालं. खाटेवर हाड मोडून पडलेल्या बाईच्या गळ्यात एवढं बळ कुठून आलं देव जाणे. माज्या भावानं घेतल्यालं लुगडं, शेनात घातलासा, अक्कल हाय का न्हाय, चाळीस वर्सं सांगून दमलो, असं जे सुरू झालं ते थांबेना. आणि चांदीचे कान वळले. तिने रवंथ सोडला. कास भरून आली. मारिसेलने घाईने सडाला हात घातला, तर वाजली की चरवी. पहिली धार वाकडी गेली, दुसरी नीट पडली.

तेव्हा आमच्या डोक्यात उजेड पडला. झुंबरबाई रोज पहाटे धारेला बसली की नवऱ्याला शिव्या घालायची. ही रीत सगळ्या गल्लीला पाठ होती, तिच्यावर आमची घड्याळं लागायची. म्हशीला लुगडं नको होतं, तो आवाज हवा होता.

दुसऱ्या दिवशी झुंबरबाईचं ऑपरेशन. फोन बंद, आणि पुढचे काही दिवस तिला बोलायचीही मनाई. मारिसेलने आदल्या दिवशीच्या शिव्या फोनमध्ये भरून ठेवल्या होत्या, त्या लावल्या. चांदीने खुंटीकडे पाहिलं, फोन हुंगला आणि पाठ फिरवली. जिवंत बोलणं कुठलं आणि भरून ठेवलेलं कुठलं, एवढं तिला कळत होतं. मी बसायला गेले तर मला साबणवाली म्हणून ओळखलं बहुतेक. लाथ थोडक्यात चुकली. मग आम्ही ठरवलं की शिव्या मारिसेलनेच द्यायच्या. सोळा पोरींवर ओरडण्यात हयात गेलेल्या मीच तिची शिकवणी घेतली. पण ती आण्णांकडे बघून म्हणायची काय, तर "आण्णा, तुम्ही थोडे आळशी आहात." आण्णा मान डोलवायचे. म्हैस ढिम्म.

दोन दिवस असेच गेले. पोरगी चारला उठायची, प्रार्थना करायची आणि गोठ्यात शिरायची. दिवसभर तेच जुनेर. शेण, वैरण, पेंड, गोमूत्र, सगळं त्या लुगड्यात मुरलं. जेवायला बसली की आमच्या मुली ताट घेऊन लांब सरकायच्या. म्हैस आता तिला जवळ उभं करू लागली होती, पाठीवर हात ठेवू देत होती. दूध तेवढं देत नव्हती. कास दगडासारखी झाली होती आणि सोमवार दुसऱ्या दिवसावर आला होता.

रविवारी सकाळी मी गेले तेव्हा आण्णा दगडावर बसले होते. चार दिवसांची दाढी, डोळे खोल गेलेले. मारिसेल म्हशीखाली बसून कासेवर कोमट पाणी लावत होती.

आण्णा जमिनीकडे बघत म्हणाले, "पिराजीला सांगून आलोय. उद्या घिऊन जातोय. तिला कोन सांगू नगासा. दवाखान्यातनं यीपतूर सांगू नगासा."

मारिसेलचे हात थांबले. मग त्या पोरीला जो राग आला! दहा महिन्यांचा साठलेला असावा, बंद दारांचा, शून्यांचा, सगळा. ती उठली नाही, म्हशीच्या पोटाला डोकं टेकवून तिथूनच ओरडली. अर्धं मराठी माझ्याकडून शिकलेलं, अर्धं झुंबरबाईकडून.

"लाज हाय का? बाई तिकडं हाड मोडून पडली. काय मागितलं तुमच्याकडं? सोनं मागितलं? म्हस ठेवा म्हटली. एक काम. आनि तुमी बसलाय दगडावर, दाढी वाढवून! उठा! पेंड कोन भिजवनार? मी? माजा बाप बी करतो काम, तो बी म्हातारा हाय!"

मागचं काहीतरी तिच्या भाषेत होतं, पण ते समजायला भाषा लागत नव्हती. आण्णा ताडकन उठले. खरंच उठले, बादलीकडे धावले, आणि धावता धावता सवयीने म्हणाले, "भिजवतो की गं, वरडतीस कशाला."

आणि चांदीने पान्हा सोडला. अगदी सहज, जणू इतके दिवस हे दोघं कधी भांडतात याचीच वाट बघत होती. मारिसेल रडत होती, ओरडत होती आणि दोन्ही हातांनी धार काढत होती. थांबली तर दूध थांबेल या भीतीने ती ओरडणं थांबवेना. आण्णा पेंड भिजवत होते आणि त्यांच्या मिशांतून हसू फुटत होतं. मी तर कुंपणाला धरून मोठ्याने रडले. लपवायचं काय त्यात?

दूध डेअरीवर तिने स्वतः नेलं. सेक्रेटरी आकारामने माप घातलं आणि कुणाचं म्हणून विचारलं. झुंबरबाईचं, असं ती इतक्या जोरात म्हणाली की रांगेतल्या बायका वळून बघू लागल्या. एकीने तिच्या अंगावरचं लुगडं ओळखलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या गारगोटीला कळलं. पिराजी सोमवारी दोर घेऊन आला, तर आण्णांनी त्याला चहा पाजला आणि दोरासकट परत पाठवला.

मग काय विचारता. रोज पहाटे गल्लीतल्या बायका कुंपणाशी जमायच्या. आण्णा आंघोळ करून, कपाळाला गंध लावून समोर बसायचे आणि मारिसेल त्यांना झाडायची. बायका तिला नवनव्या शिव्या सुचवायच्या, ती संध्याकाळी वहीत लिहून घ्यायची. ज्या दारांनी तिला कधी पाणी विचारलं नव्हतं, ती आता तिला हाक मारून बोलवायची. एकीच्या सुनेला दिवस गेलेले, एकीच्या सासऱ्याचं मलमपट्टीचं काम, एकीची पोरगी इंग्रजीत कच्ची. एक तारखेला पाळकसाहेब तिला न्यायला आले. ती म्हशीखाली होती. साहेब अर्धा तास गोठ्यात उभे राहिले, पॉलिशचे बूट शेणात. मग पेलाभर गरम दूध प्याले, मिशी पुसली आणि संगणकाचं नंतर बघू म्हणून निघून गेले.

सहाव्या आठवड्यात झुंबरबाई घरी आली. संध्याकाळची वेळ, धारेचीच. गल्ली सगळी बाहेर. जीपमधून तिला उतरवलं, हातात वॉकर दिला. घरात चला म्हणून लेक मागे लागली, पण ती बाई एकेक पाऊल टाकत सरळ गोठ्याकडे वळली. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की आता जन्मभर उकिडवं बसायचं नाही. म्हणजे धार संपली. हे तिला माहीत होतं, आम्हालाही.

चांदीने तिला लांबून पाहिलं आणि असा हंबरडा फोडला की जीपचा ड्रायव्हर दचकला. कुणी हात लावला नव्हता, खाली चरवी नव्हती, आणि चारी सडांतून दूध आपोआप ठिबकायला लागलं. मारिसेल जुनेर सावरत धावत आली होती. ते दूध पाहून ती जागीच थांबली, मग हळूच दोन पावलं मागे सरली. मला तिचं रविवारच्या फोननंतरचं ते टाकीवरचं तोंड दिसलं, पण क्षणभरच.

झुंबरबाईने वॉकर सोडून म्हशीच्या पाठीवर दोन्ही हात टेकले. तिचे डोळे वाहत होते आणि ते पुसायला तिला हात मोकळा नव्हता. तिने मारिसेलला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"दूध मातीत चाललंय, आनि तू हुबी ऱ्हाऊन काय बगतीस? बस की खाली. मला न्हाय बसाय येत आता."

मारिसेल बसली. वरून झुंबरबाई आण्णांवर ओरडायला लागली, खालून मारिसेल, आणि आण्णा दोघींच्या मधे चरवी धरून उभे राहिले.