न बदललेली डिस्क

मित्रांनो, मी बरीच झिजलेली, जुनी ब्रेक डिस्क आहे. एका छोट्या स्पोर्ट्स कारच्या पुढच्या चाकाआड माझं आयुष्य गेलं. मी ओतीव लोखंडाची. भट्टीतून निघाले आणि लेथवर गुळगुळीत झाले. दोन्ही बाजूंनी ब्रेकपॅड मला चिमटीत धरायचे, मी तापायचे आणि गाडी थांबायची. एवढंच माझं काम.

माझी मालकीण दातांची डॉक्टर. सुट्टीच्या दिवशी ती रेसच्या ट्रॅकवर गाडी पळवायला जाई आणि शेजारच्या सीटवर हमखास तिचे सासरे असत. "सूनबाई, जरा ॲक्सिलरेटर दाब की," हे त्यांचं पालुपद.

एकदा लांब सरळ रस्ता संपत आला, तिने वळणाआधी ब्रेक दाबला आणि पेडल मऊ पडून थेट तळाला गेलं. गाडी ट्रॅक सोडून वाळूत रुतली. कोणाला खरचटलंही नाही, पण तिने हेल्मेट काढलं आणि ती सासऱ्यांकडे वळली.

"बाबा, तुम्हाला काही झालं असतं तर? आता बास झालं," ती म्हणाली.

सासरे ऐकून घेणाऱ्यातले नव्हते. ते तिला गॅरेजमध्ये घेऊन गेले आणि मेकॅनिकला म्हणाले, "हे सगळं काढून टाका. चांगले मोठे, लाल रंगाचे ब्रेक बसवा."

म्हणजे मीही भंगारात जाणार!

मेकॅनिकने माझी जाडी मोजली, कुठे तडा आहे का ते बोट फिरवून पाहिलं. "डिस्क ठणठणीत आहे. ब्रेक ऑइल जुनं होतं, ते तापून उकळलं, त्यात बुडबुडे झाले, म्हणून पेडल मऊ पडलं. मोठे ब्रेक घेतलेत तर चाकंही मोठी लागतील, आणि ऑइल हेच राहिलं तर तेही ब्रेक दगा देतील."

"मग चांगला दात कशाला उपटायचा?" मालकीण म्हणाली.

तिने जास्त उष्णता सोसणारं ऑइल आणि ट्रॅकसाठीचे पॅड निवडले. माझ्यापर्यंत वारा पोचावा म्हणून एक नळीही बसवून घेतली. मला मात्र राहू दिलं. ते उपकार मी विसरले नाही.

पुढच्या खेपेला तिला एकटीलाच ट्रॅकवर उतरायचं होतं. सासरे आधीच हेल्मेट घालून सीटवर बसले होते.

"उतरा बाबा."

"चष्मा अडकलाय हेल्मेटमध्ये. आता निघायचा नाही."

तिने गाडी सुरू केली. आधी हळू, मग थोडा वेग वाढवून ब्रेक तपासले. शेवटी ते वळण आलं. पेडल टणक राहिलं. मी तापून लाल झाले, पॅडनी मला घट्ट धरलं आणि गाडी अलगद वळली. सासऱ्यांनी मागे वळून त्या वळणाकडे पाहिलं. मग म्हणाले, "अजून एकदा घेऊन चल."

त्या दिवसापासून घरी निघण्याआधी ती एक फेरी मुद्दाम सावकाश मारायची, मला निवायला वेळ मिळावा म्हणून.

पुढे मी झिजले आणि माझ्या जागी नवी डिस्क आली. आता गॅरेजच्या कोपऱ्यात माझ्यावर गंज चढतोय. त्याचं दुःख नाही. मित्रांनो, मागणं एकच आहे. तुमच्यासाठी कोणी तापलं, तर काम होताच पाठ फिरवू नका. थोडा वेळ त्याच्यासोबत सावकाश चाला.