नऊ बोटं

पोरांच्या बँडच्या पहिल्या अल्बमचा नारळ फोडून झाला तरी सूर्यभान बाजूला व्हायचं नाव घेईना. पाहुण्यांसाठी मांडलेली मधली खुर्ची त्यानं ओढत पार स्पीकरपुढं आणली होती. खांद्यावरची मानाची शाल सारखी करत तो पोरांनाच वाजवायचं शिकवत होता. या माणसाची ही जन्माची खोड. बारसं असो की दहावा, मधली जागा ह्याची आणि पहिला शब्दही ह्याचाच.

"रेड्यानं वेद म्हनल्याचं आयकलं हुतं," पायावर पाय टाकत तो म्हणाला. "ही नावाची ज्ञानेश्वरी, आन् वरडती रेड्यावानी! वहिनी, नातीला एखाद्या देवरशाला तरी दाखवा."

कांद्याच्या रिकाम्या चाळीत जमलेली माणसं हसली. बायडाबाईनं पदर दातात धरला आणि तीही हसली. धाकट्या दिराला नारळाचा मान द्यायचा हट्ट तिचाच होता. "भावजींबिगर न्हाई," तिनं नातीला निक्षून सांगितलं होतं. ज्ञानेश्वरीला त्याचं नवल वाटलं. रोज सकाळी सूर्यभानाच्या दाराकडं तोंड करून आजी कडाकडा बोटं मोडते, हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं.

ती बोटं नऊच होती. दहावं एकतीस वर्षांपूर्वी कडबाकुट्टीत गेलं. कडबा अडकला म्हणून तिनं बटन बंद केलं, आत हात घातला, आणि कुणीतरी बटन दाबलं. बटनापाशी तिला सूर्यभानाची पाठ दिसली होती. तो मात्र म्हणाला, मी तर ऊस घेऊन कारखान्यावर गेल्तो. चालत्या यंत्रात हात घातला वहिनीनं, घाई तिच्या अंगातच हाय. घरानं त्याचं ऐकलं. नवऱ्यानंसुद्धा. बोटाच्या बदल्यात तिला 'धांदरट बायडा' हे नाव मिळालं. बोट गेल्याचं दुःख तिनं कधीच गिळलं होतं. नाव गिळवत नव्हतं.

ज्ञानेश्वरीचा 'वखर' नावाचा बँड दोन वर्षं याच चाळीत वाजवत होता. डेथ मेटल, म्हणजे गुरगुरत गायचं दणदणीत संगीत, आणि तेही असं की दर चार पावलांवर ताल मोडायचा आणि गिटारीवरची बोटं मुंग्यांच्या रांगेसारखी पळायची. पहिल्याच अल्बमचं शेवटचं गाणं काही केल्या बसत नव्हतं. एका सकाळी तिनं आजीचं बोटं मोडणं मोबाईलवर धरलं.

"आजी, तू नवावर का थांबतीस? आमी वाजवनारे समदे आठावर थांबतो."

"आठावर कशी थांबू? एक शिल्लक ऱ्हातं ना मंग."

ड्रम वाजवणारा श्रीरामपूरचा आदिनाथ ते नऊ साधायला महिनाभर घाम गाळत होता. बायडाबाई शेजारी पोत्यावर बसून चूक धरायची. "सातवं जरा उशिरा मोडतं रं पोरा. वात हाय त्यात."

या सगळ्याच्या बदल्यात तिनं एकच गोष्ट मागितली. तिच्या नवाच्या मागं आपली जुनी कुट्टी वाजली पाहिजे. पोरांनी गंज खरवडला, तेल घातलं, कुट्टी चालवून आवाज धरला. कशासाठी, ते कुणी विचारलं नाही. असल्या गाण्यात काहीही खपतं.

आता ते गाणं लागलं. नातीचा आवाज जमिनीखालून आल्यासारखा घुमला, पत्रे थरथरले, दोन म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवले. मग सगळं एकदम थांबलं. उरली फक्त बोटं. कड. कड. बायडाबाई स्पीकरकडं नाही, सूर्यभानाच्या मानेकडं पाहत होती. सातवं उशिरा आलं. आठवं. नववं. दहाव्याच्या जागी काहीच नव्हतं.

आणि स्पीकरमध्ये खटकन बटन पडलं. पट्टा फिरला, पाती घरघरली.

सूर्यभान ताडकन उठला. खुर्ची उलटी झाली.

"वहिनी, हात काढा!" तो किंचाळला. "आत हात हाय! काढा हात!"

धडपडत तो स्पीकरमागं धावला आणि त्यानं स्पीकरचंच बटन बंद केलं. बटनावर हात तसाच ठेवून, सगळ्यांकडं पाठ करून तो उभा होता. ती पाठ बायडाबाईनं एकतीस वर्षांनी पुन्हा पाहिली.

"आवं," त्याची बायको विजयमाला हळूच म्हणाली, "तुमी तर कारखान्यावर हुता ना?"

बायडाबाई उठली. खाली पडलेली शाल तिनं उचलली, फटकन झटकली आणि नऊ बोटांनी त्याच्या खांद्यांवर नीट बसवली.

"ह्येच तवा वरडला असता, भावजी," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "तर पोरांचं गानं दहाचं झालं असतं."