फळ्यावरची आई

खण्णकन चमचा परातीत पडला. गेल्या अर्ध्या तासात घरात झालेला तो पहिला आवाज. कणीक मळता मळता भैरवीनं मान वर केली. समोर पोटावर पडून गृहपाठ करणारी तेजस्वी दचकली होती, आणि तिनं झटकन वहीवर पंजा ठेवला होता.

तिसरीतली लेक आईपासून वही लपवते?

रविवारची संध्याकाळ होती. भैरवी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात पॅकिंगला जायची. पहाटे साडेपाचला कंपनीची बस, संध्याकाळी पाचला परत. कंपनीची सुट्टी सोमवारी आणि शाळेची रविवारी, त्यामुळं मायलेकींची सुट्टी एका दिवशी कधी आलीच नाही. नवरा अमरसिंह ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. सकाळी तेजूला उठवून शाळेत न्यायची ती शेजारची विठाबाई. गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांची खिचडी तीच शिजवायची. घरात उरल्या दोघी, दोघीही दमलेल्या. भांडण नव्हतं, रुसवा नव्हता. बोलणं मात्र कधी आटलं ते कळलंच नव्हतं.

"बघू वही," भैरवी म्हणाली.

तेजूनं हात काढला. वर सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'माझी आई'.

'माझी आई पहाटे उठून सडारांगोळी करते. ती मला गरम गरम पोळ्या वाढते. ती मला शाळेत सोडायला येते. आई म्हणजे प्रेमाचा सागर.'

भैरवीला हसू आलं. "पोळ्या? अगं, पुरणाच्या पोळ्या होळीबिगर कवा केल्या मी? चपात्या खातीस की रोज!"

तिनं त्या ओळींवर बोट ठेवलं.

"कोण गं ही बाई?"

"आई."

"कुणाची?"

"फळ्यावरची," तेजू म्हणाली. "सरांनी लिहिली. आम्ही बघून काढली. समद्यांची तीच आई हाय."

भैरवीनं आधीचं पान उलटलं. तिथं तीनच ओळी होत्या, वेड्यावाकड्या.

'मी उठतो तवा आई न्हाय. तिचं हातरून गार असतं. संध्याकाळी ती येती आणि गप बसती.'

'उठतो'वर लाल गोल. 'तवा'वर गोल. 'न्हाय'वर गोल. आणि तिन्ही ओळींवर तिरपी रेघ. खाली शेरा : फळ्यावरून नीट उतरवणे.

शेवटची ओळ भैरवीनं दोनदा वाचली. लेकीनं तिला बरोबर पाहिलं होतं. हे पान फाडून चुलीत घालावं असं तिला क्षणभर वाटलं. फळ्यावरची आईच बरी! निदान तिच्याकडं बघून कुणी बोट तरी दाखवणार नाही.

"आता तुझं तू लिहीत न्हाईस व्हय?"

"न्हाय. गोल पडत्यात," तेजू म्हणाली. "वर्गात बोलत बी न्हाय मी. बोललं की पोरं हसत्यात."

भैरवीनं वही मिटली. घरात गप्प, शाळेतही गप्प! मग ही आठ वर्षांची पोर बोलते तरी कुठं?

दुसऱ्या दिवशी सोमवार. तेजूचा हात धरून भैरवी शाळेत गेली. वर्गात तिसरी आणि चौथी एकत्र बसलेली, चाळीसएक पोरं. माने सर मोबाईलवर कसलीतरी माहिती भरत होते.

"सर, हे बघा," भैरवीनं दारातच वही पुढं केली. "हिनं लिवलेलं खरं हाय. तुम्ही त्यावर रेघ मारली."

सरांनी वही पाहिली आणि ते अवघडले. "ताई, इकडच्या बायका बोलतात तसं मुलगी 'उठतो' लिहिते. उद्या परीक्षेत गुण कोण देणार? आणि असलं लिहिलेलं बाहेर कुणी वाचलं तर तुम्हालाच कमीपणा."

"माझा कमीपणा मी बघतो की! पर तिनं लिवायचंच सोडलंय, त्याचं काय?"

व्हरांड्यात तांदूळ निवडत बसलेली विठाबाई ताट बाजूला ठेवून उठली. "सर, एक बोलू का? रागावू नका."

"बोला आक्का. तुम्ही न बोलता राहणार थोड्याच!"

"पोरं पंगतीला बसली की मी आधी तोंडाकडं बघतो. कुणाला लई भूक हाय, कुणाचं पोट दुखतंय, कळतंय की. मग वाढतो. तुम्ही फळ्याकडं तोंड करून समद्यास्नी एकच वाढताय."

"तुमचं बरं आहे, आक्का. तुमच्या खिचडीची परीक्षा नसते!"

"रोज असती की! ताटात उष्टं किती पडलं, ते बघतो मी. ह्या पोरीनं तुमचं समदं उष्टं टाकलंय, सर. वहीत दिसत न्हाय एवढंच."

माने सर हसायला गेले, पण हसू अर्ध्यात राहिलं. ते वाईट मास्तर नव्हते. दोन वर्ग, भरायचे तक्ते, येणाऱ्या साहेबांना दाखवायच्या वह्या, यात मुलांकडं बघायचं राहून गेलं होतं. ते वर्गाकडं वळले.

"काल कुणाच्या आईनं पोळ्या केल्या?"

एकही हात वर आला नाही. मागून एकानं बारीक आवाजात सांगितलं, "सर, काल मटण हुतं!"

वर्ग खदाखदा हसला. "आमच्यात बी!" "आमच्यात आई न्हाय, बापूच करत्यात!" "आमची आई मशीनवर रातच्याला असती!" एकेक आवाज उठत गेला. सर ऐकत उभे राहिले. या वर्गात एवढी बोलणारी मुलं होती? चाळीस घरांच्या आया, आणि आपण सगळ्यांना एकच आई वाटली!

"माझंच चुकलं!" ते म्हणाले. डस्टर घेऊन त्यांनी फळा कोरा केला. मग तेजूच्या त्या तीन ओळींवर स्वतःच्या हातानं लिहिलं : बरोबर आहे. "तेजस्वी, 'उठतो'चं 'उठते' कसं होतं ते आपण नंतर बघू. आधी तुझं सांगणं होऊ दे. मुलांनो, आज घरी जाऊन आईला किंवा घरात जे सांभाळतात त्यांना, तुम्हाला माहीत नाही असं काहीतरी विचारा. तेच लिहून आणा. जसं बोलता तसं."

भिंतीवर फुलपाखरं रंगवली, खोलीत संगणक आणून ठेवला, की गावची शाळा सुधारली असं आपण समजतो. पण वाचकहो, मुलाचं पहिलं वाक्य खोडण्याआधी कुणीतरी ते ऐकून घेतं, त्या दिवशी शाळा सुधारते. मुलांच्या घरची भाषा शाळेच्या दाराबाहेर काढायला लावू नका. तिच्याबरोबर मूलही बाहेरच राहतं.

संध्याकाळी तेजू दप्तर टाकून थेट स्वयंपाकघरात आली. वही मांडीवर, पेन्सिल हातात. कितीतरी दिवसांनी ती आईच्या इतकी जवळ बसली होती.

"आई, तुला काय आवडतं?"

"तुला आवडतं ते."

"तसं न्हाय गं! ते मला ठावं हाय. तुला, तुझं तुला काय आवडतं?"

भैरवीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. हे तिला कधी कुणी विचारलंच नव्हतं. माहेरी नाही, सासरी नाही, तिनं स्वतःलाही नाही. तेजू पेन्सिल टेकवून तिच्या तोंडाकडं बघत राहिली.

"सांग की, आई. तुला बी ठावं न्हाय व्हय?"