कोपरा फाटलेलं मत

दुधनी स्टेशनावर जोतीराम पॉइंटमन होता. सांधे बदलायचे, कंदील पुसायचे, आणि गाडी आली की फाटकावर उभं राहून उतारूंची तिकिटं घ्यायची. घेतलेलं तिकीट दुसऱ्या कुणी वापरू नये म्हणून मधोमध फाडायचं, अर्धं खाली टाकायचं आणि अर्धं मास्तरला दाखवायला कोटाच्या खिशात. पंधरा वर्षांत हाताला त्याची इतकी सवय झाली होती, की घरमालकीण नागव्वानं विड्याचं पान दिलं तरी हा आधी ते मधोमध फाडायचा.

पण गेले आठ दिवस त्याचं कशात लक्ष नव्हतं. त्याचं घर सोलापुरात, घरात बायको रंभाबाई. त्यांच्या बोळाला नळ नव्हता. होता तो विरुपाक्ष मेंबराच्या दारात. मेंबराच्या घरचं भरून झालं, म्हशी धुऊन झाल्या, की मग बोळातल्या बायकांचा नंबर. तोवर पाणी जायचं. यंदा नगरपालिकेच्या निवडणुकीत मेंबराच्या विरुद्ध चनमल्लप्पा सूतवाला उभा राहिला आणि म्हणाला, मला निवडून द्या, बोळाच्या तोंडाशी नळ देतो.

घर जोतीरामच्या नावावर, म्हणून मतही त्याचंच. आणि मतदानाच्या दिवशी त्याला रजा नाही. रंभाबाईनं कचेरीत तीन खेपा घालून शोध लावला, की जो ड्यूटीवर अडकलाय त्यानं आधी अर्ज दिला तर मताचा कागद टपालानं येतो. फुली मारून परत पाठवायचा. तिनं अर्ज मिळवला, गार्डाच्या हाती दुधनीला धाडला, सही करवून परत मागवला आणि कचेरीत नेऊन दिला. वर गार्डाकडं निरोपही दिला. "त्यांना म्हणावं, मत आलं न्हाय तर तुमीबी येऊ नका."

तेव्हापासून जोतीराम रोज पोस्टमन संगप्पाची वाट अडवायचा.

"आलं का रं?"

"न्हाई की."

"सरकारी लखोटा आसंल बग. लाल लाख लावलेला, राजाचं डोस्कं छापलेला."

"राजाचं डोस्कं माज्या पिशवीत आसतं तर मला कळलं नसतं व्हय?"

इकडं सोलापुरात कागद निघाला होता, पण त्याला लाख नव्हती. कारकुनानं साध्या खाकी पाकिटात तो घातला, डिंक लावून बंद केला आणि मग त्याच्या मनात आलं, आपण आत कागद घातला का नुसतंच पाकीट चिकटवलं? उघडावं तर डिंक संपलेला. त्यानं पाकिटाचा एक कोपरा टरकन फाडला, एक डोळा मिटून आत बघितलं. कागद होता. समाधान झालं. पाकीट टपालात पडलं, आणि ते दुधनीला पोचलं ते नेमकं मतदानाच्या दिवशी सकाळी.

संगप्पा त्या दिवशी हाक मारून आला नाही. नागव्वाच्या दारापासून दहा पावलांवर टोपी काढून उभा राहिला.

"जोतीराम, जरा भाईर ये. चप्पल घालू नको."

जोतीराम बाहेर आला. संगप्पानं पाकीट दोन बोटांत धरलं होतं. सोलापूरचा शिक्का, आणि फाटलेला कोपरा. मयताची चिठ्ठी अशीच कोपरा फाडून येते, हे तिथं शेंबड्या पोरालाही माहीत. ती घरात न्यायची नाही, रस्त्यावरच वाचायची, फाडायची आणि अंघोळ करायची.

नागव्वानं दारातनंच कपाळाला हात लावला. "अय्यो शिवने, घरात आणू नको जोतप्पा. तिथंच वाच."

"वाचून काय करू?" जोतीराम म्हणाला. "सोलापुरात माजं एकच माणूस हाय."

"मग फाड तरी," नागव्वा म्हणाली. "तसंच धरून उभा राहू नको."

त्यानं न उघडताच ते मधोमध फाडलं. अर्धं नागव्वाच्या उकिरड्यावर पडलं. उरलेलं अर्धं हातानं आपल्या सवयीनं कोटाच्या खिशात नेऊन ठेवलं. जोतीरामला त्याचा पत्ताही नव्हता. त्यानं डोक्यावर दोन तांबे ओतून घेतले आणि ओल्या धोतरावर तोच कोट चढवून स्टेशनात गेला. मतदानाला रजा नव्हती, पण मयताला होती. मास्तरनं स्वतः त्याला गाडीत बसवलं.

तो टिळाटीपर्यंत येणारी स्टेशनं मोजत बसला. तिथनं पुढं होटगीपर्यंत रडला. होटगीला गाडी अर्धा तास नुसतीच उभी राहिली, तेव्हा तो खाली उतरून इंजिनापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. ड्रायव्हरनं विचारलं, काय पायजे? त्याला काही सांगता येईना.

सोलापुरात उतरला तेव्हा साडेचार वाजले होते. फाटकाबाहेर चनमल्लप्पाचा टांगा उभा होता. टांग्यातल्या माणसानं त्याला ओळखलं, बखोटं धरून आत घेतलं.

"रडतोस कशाला? पाचाला बंद हुतंय, आजून येळ हाय."

"आता कसला येळ?" जोतीराम हुंदका देत म्हणाला.

"आरं, घोडा पळवतो की. मतासाठी रडणारा गडी मी पयल्यांदाच बगतोय," असं म्हणून त्यानं शेजारच्या दोघांना कोपरानं ढोसलं. ते दोघंही लाजून गंभीर झाले.

टांगा घराकडं न जाता थेट शाळेत गेला, तिथं मतदान होतं. आणि शाळेच्या फाटकात, रिकामी घागर काखेला लावून, रंभाबाई एका शिपायाशी भांडत होती.

जोतीराम टांग्यातनं उतरला आणि तिच्यापासून दहा पावलांवर थांबला.

"तू जित्ती हाईस?"

"न्हायतर काय?" रंभाबाई म्हणाली. "तुमचं मत कुटंय? दुपारधरनं इचारतीया, टपालात आलं न्हाय म्हंत्यात. आन् ह्यो अवतार काय? धोतर आंगावरच वाळल्यालं कसं?"

"कोपरा फाटलेलं पाकीट आलं. मला वाटलं तूच."

"मग काय केलं?"

"फाडलं."

रंभाबाईनं घागर खाली ठेवली. मग त्याची बाही धरून त्याला सरळ आत नेलं.

आत टेबलापाशी दोन्ही उमेदवारांची माणसं आणि चष्मा लावलेला अधिकारी बसला होता. त्यानं यादी बघितली. "जोतीराम महिपती. तुमच्या नावापुढं टपाल लिहिलंय. कागद तुम्हाला पाठवलेला आहे. इथं दुसरा मिळणार नाही. तोच परत आणला तर इथं फुली मारता येईल."

"सायेब, ती मयताची चिठ्ठी समजून मी फाडली."

"पुरावा?"

जोतीरामनं रुमालासाठी खिशात हात घातला. हाताला तीन अर्धी तिकिटं लागली, आणि त्यांच्याबरोबर अर्धं खाकी पाकीट. त्यानं ते टेबलावर ठेवलं. अधिकाऱ्यानं आतला कागद उलगडला. अर्धाच होता, आणि त्यावर एकच नाव होतं: विरुपाक्ष. चनमल्लप्पा दुधनीच्या उकिरड्यावर राहिला होता.

अधिकाऱ्यानं नियमांचं पुस्तक काढलं, दोनदा वाचलं. "कागद परत आणावा, असं आहे. अख्खा आणावा असं कुठं लिहिलेलं नाही. मारा फुली."

"कुणाला?"

"ज्याचं नाव आहे त्याला. नसलेल्याला कशी माराल?"

विरुपाक्षाच्या माणसानं पेन्सील पुढं केली. घड्याळात पाचाला दोन मिनिटं होती. जोतीरामनं दाराकडं बघितलं. तिथं रंभाबाई रिकामी घागर परत काखेला घेऊन उभी होती. त्यानं कागद उचलला, मधोमध फाडला, अर्धा खाली टाकला आणि अर्धा खिशात घातला.

"अहो, हे काय केलंत?" अधिकारी उभा राहिला.

"पंदरा वरसं ह्येच करतोय सायेब. एकाच्या तिकिटावर दुसऱ्यानं जाऊ ने."

विरुपाक्ष पाच मतांनी निवडून आला. जोतीराम बायकोला म्हणाला, "माजं मत पडून तरी काय झालं आसतं? पाच कमी पडली."

"पाचाची चार झाली आसती," रंभाबाई म्हणाली, आणि घागर त्याच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो मेंबराच्या दारात रांगेच्या शेवटी उभा राहिला. विरुपाक्ष दात घासत ओट्यावर आला. त्यानं रांग नजरेनं मोजली आणि राखेचं बोट जोतीरामकडं केलं.

"तू माजं नाव फाडलंस म्हणं."

"व्हय."

"पर चनमल्लप्पाला मत दिलं न्हाईस न्हवं?"

"दिलं न्हाय."

"सगळ्या बोळात तू एकटाच मग," मेंबर म्हणाला. "बाकी समद्यांनी त्यालाच दिलं, मला ठावं हाय. ये म्होरं. म्हशी नंतर धुतील. आन् तुज्या बायकोलाबी सांग, तिचा नंबर आता रोज पयला."

जोतीराम घागर भरून घरी आला. रंभाबाई चुलीपाशी बसली होती. त्यानं मेंबर काय म्हणाला ते सांगितलं. तिनं काठोकाठ भरलेल्या घागरीत डोकावून बघितलं.

"म्हंजे मी मेले म्हणून पाणी मिळालं," ती म्हणाली. "जावा, दुसरी भरून आणा. अंघोळ करायची ऱ्हायलीया माजी."