माहुराचं नेंग

सुगंधाबाईने इंदूचा उजवा पाय मांडीवर घेतला, टाचेपासून अंगठ्यापर्यंत माहुराची, म्हणजे अळत्याची, लाल रेघ ओढली, आणि मग तो पाय सोडलाच नाही. शेजारी पितळी ताट होते. नवरदेवाच्या वडिलांनी, भैयाजींनी, त्यात एक रुपया टाकला. तिने ताटाकडे पाहिले नाही.

मांडवाबाहेर बैलांची रेंगी जुंपून तयार होती. नवरी सासरी निघताना गावची म्हालीन, म्हणजे न्हाव्याची बायको, तिच्या पायांना माहूर लावते आणि नवऱ्याकडचे लोक तिला मानाचे नेंग देतात. मनाजोगते नेंग मिळेपर्यंत तिने पाय धरून ठेवायचा, अशी रीत. पण सुगंधाबाई आजवर कुणाच्या लग्नात अडून बसली नव्हती. कुणी दोन आणे टाकले तरी ती मान खाली घालून उठायची. घरी गेल्यावर तिचा नवरा इसरू म्हणायचा, "तुया तोंडात जीभ हाय का नाई? मांगायच्या वेळी कुठी जाते?"

भैयाजींनी आणखी एक रुपया टाकला.

"सोड वो बाई. दिवस कलला. वाटंत रान हाय."

तिचा हात हलला नाही. बायकांत कुजबुज सुरू झाली.

"म्हालीन हुशार झाली," नवरदेवाची आत्या म्हणाली. "मालगुजार पाहून भाव वाढवला तिनं."

हशा पिकला. भैयाजीही हसले. मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, जाऊन काही वर्षे झाली होती, पण देताना हात आखडला असे कुणी म्हटलेले त्यांना अजून खपत नसे. त्यांनी पागोटे सारखे केले आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"मांग, काय मांगतं ते. भैयाजीनं म्हालीन नाराज केली, असं कोनी म्हनू नये."

सुगंधाबाईने पहिल्यांदाच वर पाहिले. तिच्या तळहाताला घाम सुटला होता आणि त्यात मिसळलेला माहूर मनगटापर्यंत ओघळला होता.

सकाळी हळदीचे न्हाण घालताना इंदू तिच्यापाशी रडली होती. चिमूरला मामाकडे राहून ती मॅट्रिकपर्यंत पोचली होती. परीक्षा तोंडावर आली होती आणि सासरहून निरोप होता की, शिकणे आता पुरे. तिच्या वडिलांनी, नानाजींनी, हात टेकले होते. मुलीच्या बापाने द्यायचे असते, मागायचे नसते. साऱ्या लग्नात नवऱ्याकडच्यांना काही मागण्याचा हक्क एकाच बाईला होता, आणि ती ही अशी अबोल. सकाळीही सुगंधाबाई नुसती इंदूच्या पाठीवर पाणी ओतत राहिली होती.

"पोरीले परीक्षेले बसू द्या जी," ती आता म्हणाली.

आवाज इतका बारीक होता की पुढच्या बायकांना मागच्यांना सांगावे लागले.

नानाजी घाईने पुढे आले. "सुगंधाबाई, काय बोलून राह्यली तू? उठ."

वर्षाचे धान तिला याच घरातून मिळत असे. तिने पाय जरा आणखी घट्ट धरला.

भैयाजींचे हसू मिशीतच थांबले. "नेंग म्हंजे पैसा, लुगडं, भांडं. हे काय मांगनं झालं?"

"तुमीच म्हनलं जी, काय मांगतं ते मांग."

"बरं, पाहू. वेळ आली का पाहू."

"पाहू नोको जी. पाहू म्हंजे खोटा पैसा. ताटात वाजत नाई."

मागे कुणीतरी मुद्दाम खोकले. भैयाजींनी वळून पाहिले. त्यांच्या गावचा न्हावी, पोचू, नवरदेवावर छत्री धरून उभा होता.

"पोचू, तू सांग तिले. असं नेंग राह्यते का कुठी?"

पोचूने छत्री मिटली. मालकाशी तो नेहमी जमिनीकडे पाहून बोले. आताही तसाच बोलला.

"मालक, मांग म्हनलं अन् मंग देलं नाई, तर उद्या कोनती म्हालीन आपल्या घरच्या सुनेच्या पायाले हात लावन? धाकल्या मालकाचं लग्न व्हाचंच हाय अजून."

नवरदेव मुंडावळ्यांआडून एकदा वडिलांकडे, एकदा इंदूच्या पायाकडे पाहत होता.

"देलं," भैयाजी शेवटी म्हणाले. "चार लोकांसमोर देलं. पाठवतो परीक्षेले."

"वापस नाई घेत ना जी?"

"देलेलं नेंग भैयाजी वापस घेत नाई."

सुगंधाबाईने उजवा पाय अलगद पाटावर ठेवला. भैयाजींनी सुस्कारा टाकला आणि रेंगीवाल्याला हात केला. तेवढ्यात तिने इंदूचा डावा पाय मांडीवर घेतला.

भैयाजींचा हात तसाच वर राहिला.

"आता काय वो? मास्तरीन करा म्हनतं का तिले?"

"नाई जी. या पायाचं रोख."

मांडवभर हसू उसळले. या खेपेस भैयाजी सगळ्यांच्या आधी हसले, सुटका झाल्यासारखे, आणि त्यांनी ताटातल्या रुपयांवर पाचाची नोट ठेवली. माहुराचे एवढे नेंग त्या गावात कुणी पाहिले नव्हते. सुगंधाबाईने नोट दोन्ही बाजूंनी पाहिली, रुपयांसकट कमरेला खोचली आणि डाव्या पायाचा माहूर, जराही घाई न करता, पुरा केला. इसरू मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. तिने एकवार त्याच्याकडे पाहिले.

रेंगीपाशी इंदू आईच्या गळ्यात पडली, तसा बायकांनी डोळ्यांना पदर लावला. इंदू आईच्या कानात काहीतरी बोलली. आईने चमकून भैयाजींकडे पाहिले आणि ती धावतच घरात गेली. परत आली तेव्हा तिच्या कडेवर पुस्तकांचा गठ्ठा होता, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात कसाबसा बांधलेला.

रेंगीत रुखवताच्या टोपल्या आधीच चढल्या होत्या. जागा उरली नव्हती. उशीर झाला म्हणून वैतागलेल्या रेंगीवाल्याने कासरा ओढला.

"थांब ना बे," भैयाजी त्याच्यावर खेकसले. "एक टोपलं उतरव अगुदर."