पहिला ओरखडा

आत्याने डोळ्याला भिंग लावलं आणि घड्याळ खिडकीच्या उजेडात धरलं. ज्या धारदार कडांवर जाणकार जीव टाकतात, त्या वापरलेल्या साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्या होत्या.

"कसं लखलखतंय ना?" मागे उभ्या भाचीचा आनंद पोटात मावत नव्हता. "परवा कपाटातून गुपचूप नेलं आणि पॉलिश करून आणलं. तुझ्या सत्तरीची भेट! सगळे ओरखडे गेले बघ."

गेले खरेच, आणि घड्याळाचं मूळ अंगही घेऊन गेले. रोग्यांना भूल देण्यात आत्याचा उभा जन्म गेला. तिथल्याच सवयीने तिने आधी मनात दहापर्यंत आकडे मोजले. तिच्या घड्याळांच्या अख्ख्या संग्रहात कारखान्यातून आल्यावर कुणीच न घासलेलं असं हे एकच होतं. तेच बघायला आज वकीलसाहेब येणार होते. ते स्वतः घड्याळांचे वेडे, आणि "माझ्याकडचं अस्सल" असं आत्या त्यांना वर्षानुवर्षं छातीठोकपणे ऐकवत आलेली. दारावरची घंटा वाजली म्हणून बरं, नाहीतर तिच्या तोंडून काय बाहेर पडलं असतं कोण जाणे.

वकीलसाहेबांनी टेकायच्या आधीच खिशातलं भिंग काढून घड्याळ पाहिलं.

"अहो बाई! हे कुठल्या दीडशहाण्याने घासलं? वाटोळं केलं की हो!"

चहाचा ट्रे घेऊन आलेली भाची दारातच थबकली. तिचा चेहरा खाडकन उतरला. आत्याने तो पाहिला.

"मी घासून घेतलं," ती म्हणाली.

"तुम्ही? आम्हाला साधा रुमाल लावू देत नाही, त्या तुम्ही?"

"मीच. कपाटात बसून बसून आंबलं होतं बिचारं. घ्या, चहा निवतोय."

वकीलसाहेब मान हलवत गेले. बाईंना चळ लागला, ही बातमी आता साऱ्या घड्याळवाल्यांत फिरणार. फिरली तर फिरू दे.

"आत्या, मी वाट लावली ना गं?" भाची रडकुंडीला आली होती.

"लावलीस. चांगली लावलीस. हात कर पुढे."

आत्याने घड्याळ तिच्या मनगटावर बांधलं.

"अगं, मला कशाला? काही झालं तर?"

"होऊ दे. उचल तो ट्रे."

भाची जपून, जणू हात काचेचा असावा अशी निघाली, आणि नेमकं घड्याळ दाराच्या चौकटीवर आपटलं. टण्ण! ती पांढरीफटक पडली.

आत्याने तिचं मनगट ओढून घेतलं, भिंग लावलं. गुळगुळीत कडेवर केसाएवढा ओरखडा.

"हा मात्र अस्सल आहे," ती म्हणाली. "याला कुणाला हात लावू देऊ नकोस."